६० नॅनोमीटरचं कवच, ४० नॅनोमीटरचं दार

एचआयव्हीचं आनुवंशिक द्रव्य शंकूच्या आकाराच्या एका प्रथिनांच्या कवचात बंद असतं. हे कवच साधारण १२० नॅनोमीटर लांब आणि रुंद टोकाकडे ६० नॅनोमीटर जाड. विषाणूला पोहोचायचं असतं पेशीच्या केंद्रकात, आणि केंद्रकाच्या पटलावर जी छिद्रं असतात त्यांची मोजलेली रुंदी होती ४० नॅनोमीटरच्या आसपास. गणित जुळत नव्हतं. म्हणून कित्येक वर्षं असंच शिकवलं गेलं की कवच केंद्रकाबाहेरच फुटतं आणि आतला ऐवज तेवढा आत जातो.

ही समजूत चुकीची निघाली. कशी, ते कळायला आधी हे दार नीट पाहावं लागेल. दाराबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा विषाणूंचा अभ्यास करतानाच हाती आला. या विषयात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

मुळात विषाणूला केंद्रकात जायचंच कशाला? विषाणू म्हणजे थोडीशी जनुकं आणि त्यांच्याभोवतीचं वेष्टन. स्वतःच्या प्रती काढायला लागणारी सामग्री बहुतेक विषाणूंकडे नसते. डीएनएवरून आरएनए बनवणारी पेशीची यंत्रणा केंद्रकात असते, त्यामुळे हर्पिस, अ‍ॅडिनोव्हायरस, हिपॅटायटिस बी अशा डीएनए बाळगणाऱ्या विषाणूंना तिथं जावंच लागतं. देवीचा विषाणू याला अपवाद. तो डीएनएचाच, पण लागणारी सगळी विकरं सोबत घेऊन येतो आणि पेशीद्रवातच संसार थाटतो. एचआयव्हीला स्वतःची जनुकं थेट आपल्या पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकायची असतात, म्हणून त्यालाही आत जाणं भाग आहे. फ्लूचा विषाणू तर आरएनएचा, तरीही तो केंद्रकात जातो. पेशीच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. फ्लूला अशी टोपी स्वतः बनवता येत नाही. म्हणून तो केंद्रकात नुकत्याच तयार होत असलेल्या पेशीच्या आरएनएंची टोप्यांसकट टोकं कापून घेतो आणि स्वतःच्या आरएनएला जोडतो.

आता दार. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असतं आणि माणसाच्या पेशीत त्यावर काही हजार छिद्रं असतात. छिद्र म्हटलं की भोक डोळ्यांसमोर येतं, पण हे एक प्रचंड यंत्र आहे. सुमारे ३० प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या आठाच्या पटीत प्रती, सगळी एकावर एक कड्यांसारखी रचलेली. मधल्या वाटेत या प्रथिनांच्या लांबलचक, सैल, कुठलाही ठरलेला आकार नसलेल्या शेपट्या लोंबतात. या शेपट्यांवर ठरावीक अंतराने फिनाइलअ‍ॅलानिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येते. फिनाइलअ‍ॅलानिन पाण्याशी फटकून असतं आणि आपल्यासारख्याच तेलकट सोबत्याला चिकटतं. अशा असंख्य शेपट्या एकमेकींना क्षणभर धरतात, सोडतात, परत धरतात. त्यातून वाटेत एक मऊ जाळं तयार होतं.

पाणी, क्षार, साखर, लहान प्रथिनं या जाळ्यातून सहज ये-जा करतात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (हे रेणूंचं वजन मोजायचं एकक) पुढची प्रथिनं मात्र अडकतात. त्यांना वाहक लागतो. आत नेणारे वाहक म्हणजे इम्पॉर्टिन, बाहेर आणणारे एक्स्पॉर्टिन. वाहकांच्या पृष्ठभागावर लहान लहान खाचा असतात आणि फिनाइलअ‍ॅलानिन त्यांत नेमकं बसतं. त्यामुळे जे जाळं इतरांना अडवतं त्यातच वाहक विरघळल्यासारखे पुढे सरकतात. एका छिद्रातून सेकंदाला हजारच्या घरात रेणू जाऊ शकतात, आणि नवल म्हणजे या प्रवासाला स्वतःची अशी ऊर्जा लागत नाही.

मग आत जायचं की बाहेर, हे ठरतं कशावर? रॅन नावाच्या एका छोट्या प्रथिनावर. रॅन दोन रूपांत असतं. जीटीपी हा ऊर्जावान रेणू धरलेलं एक, आणि त्याचाच खर्ची पडलेला अवशेष जीडीपी धरलेलं दुसरं. रॅनला जीटीपी देणारं प्रथिन गुणसूत्रांना चिकटून, म्हणजे केंद्रकाच्या आत असतं. जीटीपीचा जीडीपी करायला लावणारं प्रथिन बाहेर, पेशीद्रवात. परिणामी आत जीटीपीवालं रॅन भरपूर आणि बाहेर जवळजवळ नाहीच. इम्पॉर्टिन माल घेऊन आत आलं की त्याला हे रॅन भेटतं आणि त्याच्या हातून माल सुटतो. एक्स्पॉर्टिनचं उलट. ते रॅनला सोबत घेतल्याशिवाय माल धरतच नाही, आणि बाहेर जीटीपीचा जीडीपी झाला की पकड सुटते. पेशीला ‘आत’ कुठलं आणि ‘बाहेर’ कुठलं हे या एका फरकावरून कळतं. ऊर्जा खर्च होते ती हा फरक टिकवण्यात.

राहता राहिला प्रश्न, आत न्यायचा माल वाहक ओळखतो कसा. इथं पहिला धडा विषाणूनं दिला. एसव्ही४० हा माकडांमधला एक छोटा विषाणू. त्याचं एक मोठं प्रथिन केंद्रकात जमा होतं. त्या प्रथिनात १२८व्या जागी असलेलं लायसिन बदललं की ते आत जायचं थांबतं आणि पेशीद्रवातच राहतं, असं दिसलं. एवढ्या मोठ्या प्रथिनात एका अमिनो आम्लाचा फरक! १९८४ मध्ये त्या जागेच्या आजूबाजूचा तुकडा निश्चित झाला. प्रोलिन, मग तीन लायसिन, अर्जिनिन, पुन्हा लायसिन आणि शेवटी व्हॅलिन. फक्त सात अमिनो आम्लं. हाच तुकडा पायरुव्हेट कायनेज या विकराला जोडला. साखर मोडण्याच्या कामातलं हे विकर एरवी पेशीद्रवात असतं. ते केंद्रकात जाऊन बसलं. मालावर लिहिलेला पत्ता सापडला होता.

पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांवरही असेच पत्ते असतात, धन भाराच्या लायसिन-अर्जिनिनची गर्दी असलेले. विषाणूला खोटी चावी बनवावी लागली नाही. खऱ्या मालावर असतो तसाच पत्ता त्यानं आपल्या मालावर घातला.

फ्लूचा विषाणू हे सगळं किती सफाईनं वापरतो ते पाहण्यासारखं आहे. त्याची जनुकं आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. प्रत्येक तुकडा प्रथिनांभोवती गुंडाळलेली एक बारीक कांडी. पेशी विषाणूला एका पिशवीत ओढून घेते आणि पिशवीतलं द्रव आम्लधर्मी होत जातं. त्या आम्लामुळे विषाणूच्या आतलं अस्तर सुटतं, कांड्या मोकळ्या होतात आणि त्यांच्यावरच्या प्रथिनांवरचे पत्ते उघडे पडतात. इम्पॉर्टिन त्यांना उचलून आत नेतं. कांडी लांब असली तरी जाडीला १०-१५ नॅनोमीटर, त्यामुळे दारात अडत नाही.

आत प्रती तयार झाल्या की उलटा प्रवास. नव्या कांडीवर अस्तराचं प्रथिन येऊन बसतं, त्यावर विषाणूचं आणखी एक छोटं प्रथिन बसतं, आणि त्याला सीआरएम१ हे पेशीचं एक्स्पॉर्टिन धरतं. बाहेर आलेल्या कांडीवर आत जाण्याचा पत्ता अजून आहेच, मग ती परत आत का नेली जात नाही? कारण अस्तराच्या प्रथिनानं तो पत्ता झाकलेला असतो. येताना अस्तर सुटतं, जाताना चढतं. दिशा उलटवायला विषाणूला एवढंच पुरतं.

पक्ष्यांमधला फ्लू माणसांत का आणि कधी स्थिरावतो, या प्रश्नाचा एक धागाही या दारापाशी येतो. इम्पॉर्टिनचा मालावरचा पत्ता वाचणारा भाग म्हणजे इम्पॉर्टिन-अल्फा, आणि त्याचे शरीरात अनेक प्रकार आहेत. पक्ष्यांशी जुळलेले फ्लूचे विषाणू प्रामुख्यानं तिसऱ्या प्रकारावर भिस्त ठेवतात, सस्तन प्राण्यांशी जुळवून घेतलेले सातव्या प्रकारावर. फ्लूच्या पीबी२ नावाच्या प्रथिनात ७०१व्या जागी आस्पार्टिक आम्ल जाऊन अ‍ॅस्परजिन आलं की सस्तन प्राण्यांच्या इम्पॉर्टिनशी त्याची जवळीक वाढते. म्हणून बर्ड फ्लूच्या नव्या नमुन्यांची जनुकं वाचताना या जागेकडे मुद्दाम लक्ष दिलं जातं. लोकांच्या मनात विषाणू पेशीला बाहेरून कसा चिकटतो हेच ठसलेलं असतं. आतल्या या दुसऱ्या उंबरठ्याची चर्चा फारच कमी होते.

कांड्यांचं ठीक आहे, पण ज्यांचं कवच मोठं आहे त्यांनी काय करायचं? २००२ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत सोन्याचे कण टोचून पाहिलं गेलं. त्या कणांवर पत्ता असलेली प्रथिनं आणि वाहक चढवले होते. ३९ नॅनोमीटरपर्यंतचे कण आत गेले. हिपॅटायटिस बीचं कवच ३६ नॅनोमीटरचं. ते न फुटता दारात शिरतं आणि दाराच्या आतल्या बाजूला जी जाळीदार टोपली असते तिथवर पोहोचतं. तिथं त्याला एनयूपी१५३ हे दाराचंच एक प्रथिन धरतं आणि कवचातला डीएनए केंद्रकात सुटतो.

हर्पिसचं कवच १२५ नॅनोमीटरचं, जाण्याची सोयच नाही. ते पेशीच्या आतल्या नलिकांवरून ओढलं जात दारापाशी येतं, तोंड दाराकडे करून टेकतं आणि आतला डीएनए दारातून आत सोडतं. त्या इवल्याशा कवचात दीड लाख अक्षर-जोड्यांचा डीएनए इतका दाबून भरलेला असतो की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळपास वीसपट भरतो. डीएनए आत ढकलला जातो तो या दाबानं. रिकामं कवच बाहेरच राहतं. अ‍ॅडिनोव्हायरस वेगळाच. तो दाराच्या बाहेरच्या बाजूला घट्ट बसतो आणि मग पेशीतली नलिकांवर चालणारी मोटर-प्रथिनं त्याला दारापासून दूर ओढू लागतात. या ओढाताणीत कवच फाटतं, दाराचेही काही तुकडे निघतात, आणि डीएनएला वाट मोकळी होते. उंदरांमध्ये रक्ताचा कर्करोग करणारा एक रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातला विषाणू, यातलं काहीच करत नाही. पेशी विभागताना केंद्रकाचं पटल काही काळ विरघळतं, तो त्या वेळेची वाट पाहतो. पेशी विभागली नाही तर त्याचं काम होत नाही.

एचआयव्ही मात्र न विभागणाऱ्या पेशीतही शिरतो, म्हणजे दारातूनच जातो. पण त्याच्याकडे परत वळण्याआधी त्याच्या बाहेर येण्याबद्दल सांगायला हवं, कारण दुसरा मोठा धडा तिथून मिळाला.

पेशीचा एक कडक नियम आहे. संदेशवाहक आरएनएतले अनावश्यक तुकडे कापून, जोडकाम पूर्ण झाल्याशिवाय तो केंद्रकाबाहेर जात नाही. एचआयव्हीची पंचाईत अशी की नव्या विषाणूत भरायला त्याला न कापलेला, अखंड आरएनए बाहेर हवा असतो. त्यावर त्याचा उपाय म्हणजे रेव्ह नावाचं छोटं प्रथिन. ते त्या अखंड आरएनएमधल्या एका ठरावीक घडीला चिकटतं. रेव्हवर ल्युसिन या अमिनो आम्लानं भरलेला एक छोटा तुकडा आहे. १९९५ मध्ये कळलं की हा तुकडा म्हणजे बाहेर पडण्याचा पत्ता आहे. पेशीच्या एका प्रथिनावरही तसाच पत्ता त्याच वर्षी सापडला. तो वाचणारं एक्स्पॉर्टिन सीआरएम१ आहे हे १९९७ मध्ये स्पष्ट झालं. पेशी रोज शेकडो प्रथिनं याच मार्गानं बाहेर पाठवते.

काही विषाणूंना केंद्रकात काही काम नसतं, तरी ते या दाराशी छेडछाड करतात. पोलिओ आणि सर्दीचे विषाणू पेशीद्रवातच वाढतात. त्यांचं २ए हे विकर दाराच्या जाळ्यातली प्रथिनं कापत सुटतं. जाळं विसविशीत होतं आणि केंद्रकातली काही प्रथिनं बाहेर सांडतात. विषाणू त्यांतली काही आपल्या आरएनएचं भाषांतर करून घ्यायला वापरतो. दुसरीकडे धोक्याची सूचना केंद्रकात नेणारी वाट बिघडते. इंटरफेरॉनची, म्हणजे लागण झाल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाची, हाक पेशीला ऐकू येते, पण तिला उत्तर देणारी जनुकं चालू करायचा निरोप आत पोहोचायला हवा ना!

हा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचं नाव स्टॅट१. इबोलाचं व्हीपी२४ हे प्रथिन इम्पॉर्टिनवर नेमकं स्टॅट१च्या जागी जाऊन बसतं. इम्पॉर्टिनला बाकीचा माल नेता येतो, फक्त हा निरोप नेता येत नाही. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ६ हे प्रथिन दारातल्या आरएई१ आणि एनयूपी९८ या जोडीला पकडतं. त्यामुळे आत येणारा स्टॅट१ही अडतो आणि बाहेर जाणारे संदेशवाहक आरएनएही. गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा एक विषाणू आहे, वेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा. त्याचा कोविडच्या विषाणूशी काडीचा संबंध नाही, पण त्याचंही एक प्रथिन याच जोडीच्या याच खाचेत आपलं मेथिओनिन खुपसतं. उत्क्रांतीच्या दोन निराळ्या वाटांवरचे विषाणू एकाच खाचेपाशी यावेत, यावरून ती जागा पेशीच्या दृष्टीनं किती नाजूक असेल याचा अंदाज येतो.

मग वाहकच बंद करणारं औषध का नको? कारण वाहक आपलेही आहेत. २०२० मध्ये आयव्हरमेक्टिनभोवती जी आशा उभी राहिली तिच्या मुळाशी हाच विचार होता. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ते इम्पॉर्टिनला अडवतं असं दिसलं होतं. पण त्यासाठी लागलेली मात्रा माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसनं गाठता येते त्याच्या कितीतरी पट होती, आणि मोठ्या वैद्यकीय चाचण्यांत कोविडच्या रुग्णांना फायदा झाला नाही. पेशींच्या बशीत जे दिसलं ते खरं होतं. माणसात ते चालेल हा निष्कर्ष घाईचा होता आणि त्या घाईनं लोकांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. सीआरएम१ला अडवणारं सेलिनेक्सॉर हे औषध मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी. तिथं त्याचे त्रास पत्करण्यासारखे ठरतात. चार दिवसांच्या फ्लूसाठी ठरणं अवघड.

आता ते ६० आणि ४० चं गणित. ४० च्या आसपासचा आकडा आला होता तो पेशीतून वेगळ्या काढलेल्या केंद्रक-पटलांवरून. पेशी शाबूत असताना पटलावर ताण असतो, आणि ताणाखाली दार रुंदावलेलं असतं. पटल बाहेर काढलं की ताण जातो, दार आकसतं. पुढे अखंड पेशी झटकन गोठवून, तिचे पातळ काप काढून, त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्रिमितीय चित्रं घेणं शक्य झालं. २०२१ मध्ये एचआयव्हीची लागण झालेल्या टी-पेशींची (या रोगप्रतिकारक पेशी) अशी चित्रं प्रसिद्ध झाली. त्यांत दारं ६० नॅनोमीटरपेक्षाही थोडी रुंद होती, आणि काही दारांमध्ये अख्खा, न फुटलेला शंकू शिरलेला दिसत होता.

पण रुंदी पुरली म्हणून भागत नाही. मधलं जाळं आहेच. एवढं मोठं धूड त्यातून कसं सरकतं? २०२४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रयोगशाळेत असं जाळं बनवून त्यात कवच सोडून पाहिलं. कवच कुठल्याही वाहकाच्या मदतीशिवाय आत शिरलं. कवच सुमारे दीड हजार सारख्या प्रथिनांचं बनलेलं असतं आणि त्याच्या पृष्ठभागावर शेकडो लहान खाचा असतात. फिनाइलअ‍ॅलानिन त्यांत नेमकं बसतं. हे वाक्य वर एकदा येऊन गेलंय, वाहकांबद्दल बोलताना. एचआयव्हीचं कवच वाहकाला शोधत बसत नाही, ते स्वतःच वाहकासारखं वागतं. बाकीचे विषाणू पत्त्याची नक्कल करतात, यानं टपालवाल्याचीच नक्कल केली.

आत शिरताना त्याच खाचेचा उपयोग पुढेही होतो. दाराच्या टोपलीतलं एनयूपी१५३ तिला धरतं. पलीकडे केंद्रकात सीपीएसएफ६ हे प्रथिन त्याच खाचेत बसतं आणि कवचाला दारातून सोडवून खोल नेतं. तिथं एचआयव्हीचा डीएनए आपल्या गुणसूत्रात जोडला जातो.

एकच खाच आणि तिच्यावर एवढी कामं. लेनाकापाविर हे औषध बसतं ते याच खाचेत. ते कवचाला अवाजवी ताठरही करतं आणि नवी कवचं नीट जुळू देत नाही, पण दाराच्या प्रथिनांची जागा अडवणं हा त्याचा एक मुख्य परिणाम. २०२२ मध्ये ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या एचआयव्हीसाठी मंजूर झालं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या एका चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांतून एकदा हे इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठीही त्याला मंजुरी मिळाली.

या औषधालाही विषाणू प्रतिकार करू शकतो, कारण खाचेतली अमिनो आम्लं बदलता येतात. ६७व्या जागी ग्लुटामिन जाऊन हिस्टिडिन आलं की विषाणूचं फारसं बिघडत नाही, पण औषधापासून सुटकाही मर्यादितच मिळते. ६६व्या जागचं मेथिओनिन बदलून आयसोल्युसिन आलं तर औषध जवळजवळ निष्प्रभ होतं. त्याची किंमत मात्र मोठी असते. असा विषाणू वाढतो अगदी दुबळेपणानं, कारण जी खाच औषधाला नकोशी केली, तीच त्याला आत जायला हवी होती.